उरलेलं बटण

डबा पालथा झाला, बटणं मोजली गेली आणि दवाखाना एका बटणाने गेला.

बटणं तिच्याच दुकानातली होती. गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणत. उघडपणे हात वर करायला लोक लाजतात, म्हणून ही शक्कल तिनेच काढली होती. प्रत्येकाला दोन बटणं द्यायची. पांढरं म्हणजे गल्लीचा फुकट दवाखाना राहू दे, काळं म्हणजे जागा बिल्डरला विकून टाका. एक गुपचूप डब्यात टाकायचं, उरलेलं आपल्याजवळ ठेवायचं.

दवाखाना हलला की आजूबाजूच्या जागांचे भाव दुप्पट होणार होते. म्हणजे जागावाल्यांची चंगळ आणि तिच्यासारख्या भाडेकरूंना ठेंगा!

तिने महिनाभर जिवाचं रान केलं होतं ते सासूबाईंसाठी. त्यांना दमा. दर आठवड्याला वाफ घ्यायला न्यावंच लागे. खाजगी डॉक्टर म्हटलं तर शिलाई मशीनच विकावी लागली असती.

सासूबाई मात्र हल्ली नुसत्या कुरकुरायच्या. त्यांची बहीण वारली आणि दवाखान्याला लागून असलेली तिची खोली त्यांच्या नावावर झाली. तेव्हापासून रांगेतली माणसं त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. "मेले माझ्या भिंतीला टेकून उभे राहतात. सगळा रंग गेला!" म्हातारपण, दुसरं काय, म्हणून टेलरबाई कानाडोळा करायची.

ती घरी पोचते न पोचते तोच दीर दारात आला. एकेकाळी हाच भाडेवाढीविरुद्ध मोर्चे काढायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचा. मग धंद्यात पैसा आला, गल्लीत दोन गाळे घेतले आणि मोर्चे बंद झाले.

"वहिनी, मी पांढरंच टाकलं."

"हो का! आणि गाळ्यांचे भाव काय आपोआप वाढणार होते?"

त्याने खिशातून काळं बटण काढलं. "हे बघा. हेच उरलंय माझ्याकडे."

"काळी बटणं बाजारात पोत्याने मिळतात, भावोजी. सख्ख्या आईच्या श्वासाचा सौदा केलात! पुन्हा या घराची पायरी चढू नका."

दिराने आईकडे पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. तो बटण खिशात टाकून निघून गेला.

तिने धाडकन दार लावलं आणि तिथेच खाली बसली. संताप, संताप नुसता! दारोदार फिरून परक्यांना पटवलं आणि घरच्याच माणसाने केसाने गळा कापला. तिला रडू आवरेना.

सासूबाई खोकत खोकत उठल्या. पर्सची चेन उघडून त्यांनी आत चाचपलं आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"रडू नको गं. आणि हे तुझं पांढरं बटण दुकानात ठेव परत. दुसऱ्याचा माल आपल्याला नको."