ठोकळ्याला पोहता येतं का?

“आता सोडा हात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिराने हात सोडला. कुत्र्यांना आंघोळ घालायच्या हौदात ठोकळ्या क्षणभर तसाच राहिला. मग त्याचं मागचं धूड खाली गेलं, चपटं नाक आभाळाकडे झालं आणि आखूड पाय पाणी नुसतं घुसळत राहिले. पुढे तो वीतभरही सरकला नाही. नाकपुड्यांवर पाणी आलं.

“काढा हो त्याला!” शेजारी उभी असलेली वहिनी ओरडली.

बाईंनी पोटाखाली हात घालून त्याला उचललं. ठोकळ्या फुरफुरत, शिंकत टॉवेलात शिरला. तिने त्याला छातीशी घट्ट धरलं, तशी तिची बाही भिजून चिंब झाली.

“घाबरला असेल,” दीर म्हणाला. “अजून एकदा बघू.”

“पुरे, भाऊजी. जीव आहे तो.”

“आणि माझा भाऊ? तो काय दगड आहे, वहिनी?”

होडी तलावाच्या मधोमध उलटी सापडली, त्या दिवसापासून दिराच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. होडीचा नांगर तळाला रुतलेला, गळाच्या काठ्या तरंगत होत्या, आणि ठोकळ्याला घेऊन मासे धरायला गेलेल्या दादाचा पत्ता नव्हता. त्याच संध्याकाळी ठोकळ्या ओल्या अंगाने दारात येऊन उभा राहिला होता. बचाव पथकाचा प्रमुख काल दिराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, “कुत्रा पोहत आला, तुमचे बंधू नाही आले. समजून घ्या. उद्या दुपारनंतर शोध थांबवतोय.”

ते ‘पोहत आला’ दिराच्या डोक्यात रात्रभर रुतून बसलं. सकाळी तो वहिनीला ओढतच इथे, जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आला.

ती यायला तयार नव्हती. तिच्या पोटात धड अन्न नव्हतं, ओठ सुकले होते. सासूबाई सोबतीला राहायला आल्या, तर त्यांनाही तिने हात जोडून परत पाठवलं होतं. दिवसभर रेडिओ लावून, दार लावून बसायची. रिकामं घर खायला उठतं, म्हणायची. ‘गेलेल्याला आता शांतपणे जाऊ द्या,’ असंही म्हणाली होती. त्यावर सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

“बसा,” डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे केलं. लहान मुलांना सांगावं तसं त्या सावकाश सांगू लागल्या. “हे बघा, याचं डोकं केवढं! छाती पिंपासारखी. सगळं वजन पुढे, आणि पाय हे एवढेसे. त्यात नाक चपटं. नाक पाण्याबाहेर ठेवायचं तर मान उंच करावी लागते, आणि मान उंच केली की कंबर बुडते. मग आडवा राहतच नाही, उभा खाली जातो. लाकडाचा ठोकळा तरंगतो, तुमचा हा नाही तरंगत.”

“पण सगळी कुत्री उपजतच पोहतात ना?” तिने विचारलं.

“तसं वाटतं लोकांना. म्हणून तर दरवर्षी एखादं बुडतं.”

“एखाद्याला जमत असेल. जिवाच्या आकांताने? मरायच्या भीतीने माणूससुद्धा काय काय करतो.”

“चार हात मारेल, बाई. तलावाच्या मध्यापासून काठापर्यंत? नाव काढू नका. अंगात तरंगायचं जाकीट होतं का?”

“नव्हतं,” दीर म्हणाला.

“मग होडीवर चढून बसला असेल,” ती घाईघाईने म्हणाली. “वाऱ्याने होडी काठाला लागली असेल, आणि मग...”

“वहिनी, होडी नांगरलेली होती. मधोमध.”

तिच्या बोटांनी टॉवेलाचं टोक पिळून दोरी केली होती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “म्हणजे याला कोणीतरी काठापर्यंत आणलं.”

दिराचा बांध फुटलाच. “दादा! दुसरं कोण असणार? दादा म्हणजे पाण्यातला मासा! बुडता बुडता यालाही काखेत मारलं असणार त्याने!” तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. “आणि लोक म्हणतात, त्याच्या गोदामाच्या आगीची चौकशी सोमवारी सुरू होणार होती, म्हणून त्याने जीव दिला. अरे, जीव द्यायला निघालेला माणूस कुत्र्याला काठावर पोचवेल आणि परत बुडायला जाईल का? डोक्याला मार लागला असेल. कुठल्या तरी झोपडीत शुद्ध हरपून पडला असेल. वहिनी, ऐकलंत ना? जिवंत आहे तो!”

ती एकदम उठली, तसं स्टूल उलटलं. बाईंनी तिला सावरलं. “आनंदाचाही धक्काच असतो,” त्या म्हणाल्या.

“भाऊजी,” तिने त्याची बाही धरली. “आत्ताच कोणाला सांगू नका. आईंना उगाच आशा लागेल. मी पाया पडते तुमच्या.”

“काय बोलताय! पथकाला सांगणार, पोलिसांना सांगणार. एकेक घर, एकेक गोठा पालथा घालायला लावतो की नाही बघा!” तो चपला घालायचंही विसरून धावत सुटला.

ती ठोकळ्याला कडेवर घेऊन घरी आली. वाटेत शेजारीण काही विचारत होती, तिला ऐकूच आलं नाही. आत शिरून तिने दाराला वरची कडी लावली, खालचीही लावली. ठोकळ्या हातातून निसटून माळ्याच्या शिडीला अंग घासू लागला. त्याला पुन्हा उचलून ती एकेक पायरी चढली आणि तिने माळ्याचं झाकण वर ढकललं. अंधारात दोन हात पुढे आले, त्यांनी कुत्र्याला अलगद ओढून घेतलं. ती मात्र शिडीवरच थांबली आणि त्या हातांना दबक्या आवाजात म्हणाली,

“एकटाच ये म्हणून सांगितलं होतं ना तुला?”