आवळलेला ब्रेक

उकंडरावांनी क्लच सोडला. मॉरिस कण्हली, वीतभर सरकली आणि बंद पडली.

हे भलतंच होतं. गाडीतला बिघाड त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता आणि आज सकाळी स्वतःच्याच हाताने काढलाही होता. मग आता चाक धरलं कुणी?

त्याचं असं झालं होतं. धामणगाव बढ्याहून ते साखरखेर्ड्याला लेकीला नुसते बघायला आले होते. कोकिळा या घरी नांदायला येऊन काही महिनेच झाले होते. आईविना वाढलेली, बापाच्या मागे मागे गाडीखाली शिरणारी पोर. माहेरी तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. इथे ती पदर सावरून दारात उभी राहिली, 'बरी आहे' म्हणाली आणि आत वळली. ताटातली भाकरी तिने नुसती चिवडली. दोन दिवस तिच्याजवळ राहावं असं उकंडरावांना वाटलं. पण करणार काय? महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली, राज्याचं नाव बदललं, तरी बापाने लेकीच्या घरी रात्र काढू नये ही रीत जिथल्या तिथे होती. जावई कापसाच्या गाड्या घेऊन खामगावला गेलेले. घरात विहीणबाई, मनकर्णाबाई. कोकिळा त्यांना आत्याबाई म्हणायची. बाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. उकंडराव त्यांना मनातून वचकून असत.

शेवटी गाडीनेच वाट दाखवली. मॉरिसच्या प्रत्येक चाकात एक लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की आतले दोन अर्धगोल शू पसरतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. शूवरचे लायनर, म्हणजे घासपट्ट्या, झिजले की चाकाची टोपी काढायची, भोकातून पेचकस घालायचा आणि खाचेचा स्क्रू थोडा आवळायचा. जास्त आवळला की चाक जाम. निघायच्या वेळी उकंडराव धूळ पुसायच्या निमित्ताने मागच्या चाकापाशी बसले आणि त्यांनी नेमकं तेच केलं. मग गाडी सुरू करून पाहिली, कपाळाला हात लावला आणि ब्रेक धरल्याचं सगळ्यांना सांगून टाकलं.

दुरुस्तीच्या नावाखाली दोन दिवस निघाले. त्यांनी ड्रम उतरवला, आतली काळी भुकटी झाडली, लायनर पॉलिशपेपरने घासले, ड्रम चढवला, पुन्हा उतरवला. कोकिळा शेजारी बसून पाने हातात द्यायची. पहिल्या दिवशी नुसतीच देत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, शू उलटा बसवून राह्यले तुम्ही," आणि खळखळून हसली. ते हसू ऐकायला उकंडरावांनी चारही चाकं उतरवली असती. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पण संध्याकाळी मनकर्णाबाईंनी ओसरीवरून व्याह्यांना विचारलं, "इवाई, गाडी होते काय उद्या दुरुस्त?"

उकंडराव ओशाळले. विहीणबाईंच्या बोलण्याचा अर्थ न कळायला ते काही लहान नव्हते. "होते ना. सकायीच निघतो," म्हणाले. त्याप्रमाणे सकाळी त्यांनी स्क्रू सैल केला, आणि आता ही अशी अडून बसलेली.

खोटं दुखणं सांगितलं ते खरंच जडलं की काय? त्यांनी जॅक काढला आणि एकेक चाक उचलून फिरवलं. मागची दोन्ही भिरभिर फिरली. पुढचं डावंही फिरलं. उजवं मात्र तसूभर हलेना. त्या चाकाला तर त्यांनी हातही लावलेला नव्हता. उकंडरावांचं कुतूहल चाळवलं. त्यांनी टोपी काढली. तिच्या कडेला काहीतरी पांढरं लागलं होतं. बोटावर घेऊन चोळलं, तर ज्वारीचं पीठ! भोकाच्या तोंडाशीही पीठच. पुढच्या चाकात असे दोन स्क्रू असतात. दोन्ही गच्च आवळलेले.

उकंडराव तिथेच मातीत बसले. त्यांच्याशिवाय हे स्क्रू ठाऊक असणारं माणूस या गावात एकच होतं. बापाने जाऊ नये म्हणून लेकीने रात्री येऊन चाक आवळलं होतं. त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. मग धडकी भरली. सासूला कळलं तर? सुनेने बापाला घरात डांबून ठेवलं, हे बोलणं पोरीला जन्मभर पुरलं असतं. त्यांनी घाईघाईने स्क्रू सैल केले आणि धोतराच्या सोग्याने पीठ पुसायला लागले.

तेवढ्यात कोकिळा चहा घेऊन आली.

"काऊन पुसून राह्यले, बाबा?"

"हळू बोल. तुह्या सासूले दिसलं तं काय म्हणतीन?"

कोकिळाने त्यांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भाकरी थापल्याचा आवाज चालूच होता. तिने पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

"तुम्ही निघतो म्हणले अन् आत्याबाईनंच मले रातीच इथं आणलं. म्हणे, बाप हाये तवर तू जेवतं तरी, दाखव मले चाक कसं आवळतात ते. पेचकस त्यायनंच फिरवला, बाबा. मी तं नुसता कंदील धरला."