गाव कुणाचं?

"झेंडे नाचतेत तोवर पोरांची काळजी करू नको, मंजू. तोवर ती जेवायला तरी घरी येतेत. झेंडे उतरले की बघ त्यांच्याकडं," इंदूकाकू पलीकडच्या गच्चीवरून म्हणाल्या होत्या. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेली बाई. तिला पोरांचंच पडलेलं असायचं. दोरीवरचे कपडे काढता काढता मंजुश्री हसली होती. "उतरू तर द्या, काकू. पेढे वाटते."

आणि तिनं खरंच वाटले.

आता ती त्याच गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीपुढं उभी होती. कडेवर तीन वर्षांचा लेक शिवांश, एका हातात जेवणाचं ताट. दाराशी सकाळचं ताट ठेवलं तसंच झाकलेलं.

"संगू, दार उघड. भाकर गार व्हायली."

आतून कडी होती. आत काही हाललं नाही. मे महिन्यातली लातूरची दुपार, वर पत्रा, आणि आत पंख्याचा आवाज नव्हता. लाईट गेली म्हणावं, तर खाली तिच्या घरातला पंखा फिरत होता.

संगप्पा तिचा धाकटा भाऊ. डॉक्टर व्हायला निलंग्याहून क्लाससाठी बहिणीकडं आला. परीक्षा दोनदा हुकली. तेव्हा गर्जना दलाच्या पुढाऱ्यानं, भाऊंनी, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोराचा गळा भजनात कमावलेला, दलाला तोच पाहिजे होता. मोर्चाच्या पुढं संगप्पा विचारायचा, "गाव कुणाचं?" मागून रस्ताभर उत्तर यायचं, "आमच्या बापाचं." कुणाचं नाही, ते वेगळं सांगावं लागायचं नाही. गंजगोलाईच्या बाजारात कोपऱ्यावरचा म्हातारा पेरूवाला तर संगप्पाच्या जन्माआधीपासून तिथं बसायचा. एका मोर्चानंतर तो गाडा घेऊन गेला, तो परत दिसला नाही.

मंजुश्री एमएस्सी झालेली. बातम्या बघायची, मोर्चा आला की खिडक्या लावून घ्यायची. तरी शिवांश बोलायला लागला तो हीच घोषणा घेऊन. बालवाडीतून बाईंची तक्रार आली, तेव्हा तिनं लेकराच्या गालात चापट मारली आणि भावाला म्हणाली, "माझ्या पोराच्या तोंडात हे नको."

"अक्का, भाचा लीडर व्हायलाय की," संगप्पा हसला होता. आणि तिची पाठ फिरली की पोरगं बोबडं विचारायचं, मामा उत्तर द्यायचा. घोषणा अर्धी सोडणं संगप्पाला जमायचंच नाही. झोपेतसुद्धा पुरी करायचा.

मग दल उतरलं. निवडणुकीत एकही माणूस निवडून आला नाही. ज्या पक्षाला शिव्या घालून दल वाढलं, त्याच पक्षाचा हार भाऊंनी गळ्यात घालून घेतला. पोरांना ते फोनवरच्या फोटोतून कळलं. भाऊ ग्रुपमधून बाहेर पडले, ऑफिसच्या जागी क्लासच्या पोरांची मेस आली. पोरांच्या अंगावर केसेस तेवढ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात मंजुश्रीनं पेढे आणले. सुटल्यासारखं वाटलं होतं तिला.

"कशाचे?" संगप्पानं विचारलं.

"असेच."

त्यानं अर्धा खाल्ला, अर्धा शिवांशला भरवला आणि वर गेला. पुढं तो खाली यायचा कमी झाला. परवा गोलाईत पेरूवाल्याच्या रिकाम्या कोपऱ्यावर तो उन्हात नुसताच उभा होता, असं नवरा सांगत होता. "बरंय, डोकं ठिकाणावर यायलंय," मंजुश्री म्हणाली होती.

तिनं ताट खाली ठेवलं आणि फोन लावला. आत रिंग वाजली. वाजून वाजून थांबली.

"संगू. संगप्पा. आईचा फोन आलाय बघ." ती खोटं बोलली. दारावर थापा मारल्या. कडी जुनी होती, जाड होती. फटीतून बघावं तर आत अंधार.

शिवांशला हा खेळच वाटला असावा. दाराकडं तोंड करून तो म्हणाला, "गाव कुनाचं?"

मंजुश्रीचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला. तिनं लेकराला खाली ठेवलं. दाराला तोंड लावलं. जे शब्द घरात येऊ नयेत म्हणून तिनं उन्हाळ्यात खिडक्या लावल्या होत्या, ते ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली.

"गाव कुणाचं?"

पलीकडच्या गच्चीवर इंदूकाकू धावत आल्या. खाली कुणीतरी स्कूटी थांबवली.

"संगू, सांग ना रे. गाव कुणाचं?" तिचा आवाज फाटला.

आत खाट करकरली. मग कडीच्या अगदी जवळून, भजनातला तो गळा ओळखू येऊ नये इतका बारीक आवाज आला.

"माहीत न्हाई, अक्का."

मंजुश्री तापलेल्या गच्चीवर दाराला टेकून बसली.

"नसू दे. मला तरी कुठं माहितीय? कडी काढ."

कडी निघायला वेळ लागला, पण निघाली.

तेव्हापासून ती भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगते. तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी झेंडा खाली ठेवून आलेला असेल, तर पेढे नंतर वाटा. आधी वर जा आणि त्याचं दार वाजवा.