सोळा जणांचं गोत

पोरीचा फोन पडद्याआडून ऐकू नये, एवढं कुसुमताईंना कळत होतं. पण कान काही केल्या मागे हटेनात.

"एकका नक्को रे सुधीर," प्रियदर्शिनी रिसिव्हरला तोंड लावून इथल्या दखनी हिंदीत बोलत होती. "मेरेकू गोथ का कुछ नहीं मालूम अभी. सबका एक साथ है सो लेके आ. फिर देखती कौन पसंद आता."

गोथ म्हणजे विलायतेतलं एक उदास, काळे कपडे घालून गायचं रॉक संगीत. बाहेरचा माल देशात यायला लागला, त्यातच हेही आलं आणि कॉलेजच्या चार पोरांच्या डोक्यात शिरलं. पण हे जामबागेतल्या स्वयंपाकघरात येऊन कोण सांगणार? कुसुमताईंना ऐकू आलं ते गोत, म्हणजे गोत्र.

आपल्यात सोयरीक करताना देवक बघतात. गोताची भाषा सुरू झाली म्हणजे पोरगा आपल्यातला नाही, आणि गोष्ट पार लग्नापर्यंत गेलेली. त्यात संक्रांत होऊन दोन महिने झाले तरी पोरीच्या अंगावरचं काळं उतरत नव्हतं. तेही त्या पोराचंच खूळ असणार. हे सगळं आता नीट जुळलं.

एमएस्सी होईपर्यंत स्थळाचं नाव काढणार नाही, असा त्यांनी पोरीला शब्द दिला होता. ती केस धुवायला गेली तेवढ्यात त्यांनी तो मोडला. नांदेडला धाकट्या भावाला, अविनाशला, फोन लावला.

"ते इंजिनियरचं स्थळ हातचं सोडू नको. रविवारी या म्हणावं त्यांना. बघायचं नुसतं नाव, माझा होकारच समज."

फोन ठेवून पदराने तोंड पुसतायत तोवर दारात एक काडीसारखा पोरगा उभा. मार्चच्या उन्हात काळा शर्ट, तोही गळ्यापर्यंत बटणं लावून.

"प्रियदर्शिनी है क्या, आंटी? मैं सुधीर."

दारी आलेल्याला पाणी द्यावंच लागतं, म्हणून कुसुमताईंनी पाणी दिलं. खुर्ची मात्र उन्हातली दिली. समोर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"तुम्हारा गोत कौनसा?"

पोराचा चेहरा खुलला. "आपकू भी मालूम, आंटी? मेरा तो इंग्लंडकाच. जर्मनीवाले भी अच्छे हैं, पन इंग्लंड पैला."

कुसुमताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पोरगा साधासुधा दिसत होता. हे प्रकरण एवढं लांबचं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"घर में मालूम है?"

"अम्माकू नक्को बोलो आंटी. उनो सुने तो रोना आता बोलती."

"आयेंगाच. मेरी बेटी को क्या बोले तुम?"

"पैला सोलाके सोला देख ले बोला," सुधीर समजावून सांगायच्या सुरात म्हणाला. "एकीच पकडके बैठे तो बाकी के कैसे मालूम होते? जो दिलकू लगा, बादमें उसकाच पूरा लेना."

"सोळा," कुसुमताई पुटपुटल्या.

त्याने खिशातून एक कॅसेट काढून त्यांच्या हातात ठेवली. वर एक पांढरीफटक बाई थडग्यावर बसली होती. पोटात अन्न नसावं तिच्या. मागे बारीक अक्षरांत सोळा नावं होती.

डोक्याला टॉवेल गुंडाळून प्रियदर्शिनी बाहेर आली. "आई, काय विचारतेयस त्याला?"

"गोत विचारते. तू विचारलंस, मी विचारू नको?"

प्रियदर्शिनीने आईकडे पाहिलं, कॅसेटकडे पाहिलं आणि हसत हसत खालीच बसली. "अगं गोथ. गाणी आहेत ती. सोळा जणांचं एकेक गाणं. नवख्या माणसाने कुठून सुरुवात करायची, म्हणून अशी एकत्र काढतात."

तिने कॅसेट लावली. विहिरीच्या तळातून यावा तसा एका बाप्याचा आवाज आला.

"कोण गेलं त्याचं?" कुसुमताईंनी विचारलं.

"कुणी नाही गं. असंच गातात."

त्यांनी एक गाणं पुरतं ऐकून घेतलं. शब्द एक कळला नाही. पण यात कुणाचं लग्न नव्हतं, एवढी खात्री झाली. सुधीर पाणी पिऊन निघून गेला आणि त्यांनाही हसू फुटलं. मग आपण काय करून बसलोय ते आठवलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"प्रिया, मी मामाला फोन केला मघाशी. रविवारी येतायत ती माणसं. होकार दिला मी."

प्रियदर्शिनीचं हसू गेलं. "शब्द दिला होतास तू मला."

"भ्यायले गं."

"मग मला विचारायचंस ना."

"आता विचारते. तुझं आणि त्या पोराचं तसं काही नाही ना?"

प्रियदर्शिनीने टेप बंद केला. कॅसेट काढली, बाजू उलटली, परत आत घातली. एवढ्याला इतका वेळ लागत नाही. मान वर काही तिने केली नाही.

कुसुमताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. उठल्या आणि नांदेडचा नंबर फिरवला.

"अविनाश, रविवारी नको. त्यांना नाही म्हणून कळव."

"अगं ताई, आत्ता तर होकार दिलास. झालं काय? पोरगी काय म्हणते?"

कुसुमताईंनी मागे वळून पाहिलं. प्रियदर्शिनी आता त्यांच्याकडेच बघत होती.

"तिचं म्हणणं मी अजून ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.