अप्पांचा पासवर्ड

अप्पांच्या साठीशांतीचा व्हिडिओ राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये होता. त्यात अप्पांच्या दिवंगत पत्नी रमाबाई अजून हसत-बोलत होत्या. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर तो लागायचा, अप्पांच्या खोलीतल्या टीव्हीवर मात्र काही केल्या दिसेना. मुलाला, इंद्रनीलला, चारदा सांगून झालं. शेवटी अप्पांनीच इंटरनेटवाल्या जयेशभाईंना बोलावलं.

"पासवर्ड, काका?"

"माझी जन्मतारीख. मुलानं मुद्दाम ठेवलीय," अप्पा कौतुकानं म्हणाले. पोळ्यांच्या बाई असोत की ड्रायव्हर, इंद्रनील सगळ्यांना हीच तारीख सांगायचा. ऐकून अप्पांना बरं वाटायचं.

जयेशभाईंनी बराच वेळ खटपट केली. "पेनड्राइव्ह तो बराबर छे, काका. पण या घरात वाय-फाय दोन आहेत. एक घरच्यांचं, एक बाहेरच्यांसाठी. तुमचा टीव्ही बाहेरच्यांच्या वाय-फायवर आहे, त्यावरून पेनड्राइव्ह दिसत नाही."

अप्पांनी रिमोट हातात घेतला.

"घरच्यांचा पासवर्ड द्या ना, दोन मिनिटांत जोडून देतो."

अप्पांनी रिमोट टीपॉयवर नीट सरळ ठेवला.

"तो घरच्यांना विचारावा लागेल."