गव्हावर ज्वारी

रेवाच्या पोटात पुन्हा कळा यायला लागल्या, तशी तिची आई हेमांगी सासूबाईंवर उखडली. "डॉक्टरांनी ग्लूटेन बंद केलंय, गव्हाचा कणही चालत नाही तिला. कोण चारतंय चोरून पोळी?"

"मी नाही गं. माझी नात आहे ती."

"मग काय माझ्या भाकरीनं दुखतंय पोट?" हेमांगीनं घरातली सगळी कणीक कचऱ्यात ओतली. रेवाला बजावलं, "आजीच्या हातचं काही खायचं नाही." सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या.

तणतणतच हेमांगी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेली. गिरणीवाल्यानं कुणाचे तरी गहू दळून संपवले आणि गिरणी न झाडताच तिची ज्वारी ओतायला घेतली.

"गव्हावर ज्वारी टाकताय? अक्कल गहाण टाकली का? माझ्या पोरीला विष आहे ते."

गिरणीवाला गोंधळला. "वहिनी, तुम्हीच सांगितलं होतंत ना, ज्वारी कायम गव्हावरच टाका, म्हणजे भाकरी थापताना तुटत नाही. लग्न होऊन आलात तेव्हापासून तुमचं दळण मी तसंच देतो."

सकाळीच तिनं रेवाला आग्रहानं अर्धी भाकरी जास्त वाढली होती.