फक्त बघण्यापुरतं

जिन्याची शेवटची पायरी दोन इंच उंच झाली होती. बांधकाम दवाखान्याचं. परवा वाळूचं घमेलं घेऊन चढणारी एक बाई त्याच पायरीला अडखळून पडली आणि तिचं मनगट मोडलं. मिस्त्रीने फोनवर तोंडाला येईल ते सुनावलं होतं. जिन्याचा नकाशा दोघा भावांच्या या ऑफिसातून गेला होता. आता दुपारी चारला दोघे भाऊ पार्टिशनच्या दोन बाजूंना आपापल्या टेबलाशी बसले होते, आणि मधल्या दारात त्यांचे भाऊजी खांद्यावरची बॅगही न उतरवता उभे होते.

"भाऊजी, त्याला विचारा," थोरला म्हणाला. "नकाशा त्याच्याही मशिनवर दिसतो ना? मग चूक दिसली नाही?"

विचारायची खरं तर गरज नव्हती. पार्टिशन प्लायवूडचं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. इकडे कुणी शिंकलं तर तिकडे कळायचं. पण वर्षभर दोघांचं आपसात बोलणं बंद होतं, आणि हे असंच चाललं होतं. भाऊजींचा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा, आणि सासरच्या या ऑफिसात मात्र इकडचं वाक्य तिकडे नेऊन पोचवायचं, हेच काम जास्त.

"त्याला सांगा, दिसली होती," पलीकडून धाकटा म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वीच. वरच्या मजल्याच्या फरशीची जाडी धरायचीच राहिली आहे. मी दुरुस्तही केली. सेव्ह होईना."

"होईना म्हणजे काय, विचारा त्याला."

"होईना म्हणजे होईना! त्याचं विंडोज, माझं मॅक. दोन सिस्टिमचं आपसात पटत नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना मला, भाऊजी. सेव्ह होईना तेव्हाही तुम्हाला फोन केला होता. म्हणालात, शनिवारी येऊन बघतो."

त्यानंतर तीन शनिवार गेले होते.

भाऊजींनी बॅग खाली ठेवली. सकाळपासून ते चार जिने चढले-उतरले होते आणि पाय भरून आले होते. थोरल्याने खुर्ची रिकामी करून दिली. ते बसले. नकाशांचं फोल्डर याच मशिनवर होतं, इथूनच ते धाकट्याला दिसायचं. त्यांनी परवानग्यांची खिडकी उघडली. धाकट्याच्या नावासमोर दोन चौकोन होते. 'वाचणे'च्या चौकोनात बरोबरची खूण होती. 'बदलणे'चा चौकोन रिकामा.

तो त्यांनीच रिकामा ठेवला होता. नेटवर्क जोडून दिलं त्या दिवशी थोरला हळूच म्हणाला होता, "भाऊजी, त्याला नुसतं बघू दे. हात लावायला नको." भाऊजींनी मान डोलावली. मेहुण्यांच्या भानगडीत कोण पडणार? पुढे धाकट्याने कारण विचारलं तेव्हा सगळं खापर सिस्टिमवर फोडून ते मोकळे झाले. सिस्टिम काही भांडायला येत नाही.

थोरल्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"असू द्या आत्ता," तो पुटपुटला. "नंतर बघू."

भाऊजी मात्र पार्टिशनपलीकडे जाईल अशा आवाजात बोलले.

"सिस्टिमचं काही नाही रे. दोन्हींचं व्यवस्थित जमतं, पहिल्या दिवसापासून. बदल करायची परवानगी मीच तुला दिली नव्हती. आणि खोटंही मीच सांगितलं."

पलीकडे खुर्ची सरकली. धाकटा दारात येऊन उभा राहिला. नुसता भाऊजींकडे बघत राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"त्यांना मी सांगितलं होतं तसं करायला," थोरला म्हणाला. म्हणाला टेबलाकडे बघत, पण या वेळी 'भाऊजी, त्याला सांगा' असं काही नव्हतं.

"वाटलंच होतं." धाकटा म्हणाला. "आणि मी मिस्त्रीला एक फोन करू शकलो असतो. नंबर होता माझ्याकडे. नाही केला. म्हटलं, ज्याची फाईल त्यालाच निस्तरू दे."

"एवढं कळत होतं, तर मला येऊन सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं?"

"तुला? तुला सांगून कधी काही उपयोग झालाय, दादा?"

"कधी सांगितलंस? एक उदाहरण दे!"

"एक? बस, देतो. दहा देतो!"

भाऊजींनी रिकाम्या चौकोनात खूण केली, खिडकी बंद केली आणि उठले. त्यांच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. बॅग उचलून ते बाहेर आले आणि जिन्यावरच बसले. आत आवाज चढत चालले होते. फरशीची जाडी, वडिलांचं आजारपण, कुणी कधी कुणाला न विचारता काय केलं, सगळं एकदम बाहेर पडत होतं.

फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, झालं का काम? आणि एवढी आरडाओरड कसली?"

"तुझे भाऊ. भांडतायत."

"आता कुणाशी?"

"एकमेकांशी."

"म्हणजे... बोलतायत?" 

"हो. वर्षभरानंतर."

"मग तुम्ही मध्ये पडू नका," ती म्हणाली. "आणि जमलं तर दार ओढून घ्या."